चादरीचं टोक

३ नोव्हेंबर

वर आशीर्वाद लिहू का, असं तुझी आई विचारते आहे. मी म्हटलं, तेवढी जागा कोरी सोड, शेवटी बघू. मला अक्षर कळत नसलं तरी कोरी जागा दिसते, तेव्हा गुपचूप काही खरडू नकोस, हेही सांगितलं.

तुझं पत्र पोचलं. कागद जाड आहे, वर तुझ्या कचेरीचा पक्षी छापलेला आहे. तुझ्या आईने दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मला हसू आवरेना. तू लिहितोस, "आजी, तुझं धुलाईघर आमच्या योजनेसाठी निवडलं गेलं आहे." निवडणूक व्हायच्या आधीच निवडलं म्हणजे तुझ्या कचेरीची कमालच आहे.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. तुझे साहेब आम्हाला नवा बॉयलर देणार. त्याआधी आम्ही धुणाऱ्या बायकांनी, त्यांच्या माणसासमोर, त्यांनी आणलेल्या डब्यात चिठ्ठ्या टाकून आपली प्रमुख निवडायची. चिठ्ठ्या नाहीत तर बॉयलर नाही. ज्याचं चित्र भिंतीभिंतीवर लटकायचं त्या तसबीरवाल्याच्या राज्यात आम्हाला स्वतःचं मत नव्हतं, म्हणून आता सवय लावायची. लहान मुलाला कडू औषधावर साखर देतात तसं. फक्त तू साखर आधी दाखवतोस आणि आमच्याकडून चमचा चाटून घेतोस.

जुन्या बॉयलरचं काय झालं, ते तू पत्रात विचारलेलं नाहीस. विचारशील कसा, तुला ठाऊकच आहे. तिकडच्या रेडिओवर तू बोललास: "माझा देश वाट बघतो आहे, उशीर करू नका." त्यांनी नाही केला उशीर. शेजारच्या शिपायांच्या बरॅकीवर विमानं आली, आणि बरॅकीबरोबर आमची मागची भिंत आणि बॉयलर गेला. तेव्हापासून इस्पितळाच्या चादरी आम्ही थंड पाण्यात धुतो. रक्ताचा डाग थंड पाण्यातच निघतो म्हणतात. तो निघतो, पण पू आणि घाम निघत नाही, आणि थंडीत आमची बोटं भेगाळून त्याच चादरीवर आमचंच रक्त लागतं. मग ती पुन्हा धुवायची.

तसबीरवाला पळाला म्हणून मी रडते आहे, असं मात्र तुझ्या साहेबांना सांगू नकोस. तुझ्या आजोबांना त्याच्या माणसांनी नेलं ते चपला घालायला न देता. त्या चपला अजून दाराशी आहेत. त्याला शिव्या घालायला मला कुणाच्या विमानाची सोबत लागत नव्हती. मी घालतच होते, हळू आवाजात, साबणाच्या फेसात.

तुझा बाप बरा आहे. तू लिहितोस, "रविवारी फोन केला की बाबा फोन घेतात पण एक शब्द बोलत नाहीत. त्यांचा राग अजून गेला नाही का?" याचं उत्तर आज मिळणार नाही. आम्ही बॉयलरसाठी थांबतो, तू उत्तरासाठी थांब.

१७ नोव्हेंबर

जागा याही वेळी कोरीच आहे.

तुझ्या कचेरीचा माणूस येऊन गेला. उंच, नम्र आणि थंडीने गाल लाल झालेला. बायकांनी त्याला लालगाल्या नाव ठेवलं. बरोबर एक दुभाष्या, तो आपल्याकडचाच, पण आपल्याशीही तिकडच्या हेलात बोलणारा. तूही आता तसाच बोलतोस का रे?

"इथे प्रमुख कोण?" लालगाल्याने विचारलं.

"मी."

"तुम्हाला कुणी निवडलं?"

"कुणी काढलं नाही."

दुभाष्याने हे सांगितल्यावर तो हसला. माणूस वाईट नाही, हे मी कबूल करते. त्याने कोट काढून चादर पिळूनही पाहिली. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या आणि चादरीतलं पाणी चादरीतच राहिलं.

मग मी त्याला आमची रीत सांगितली. तुला सांगायची गरज नाही, तू लहानपणी हौदाच्या काठावर बसून बघितली आहेस. पण तू विसरलास असं तुझ्या पत्रावरून वाटतं, म्हणून पुन्हा सांगते. इस्पितळाची मोठी चादर दोघींनी दोन टोकं धरून पिळायची असते. काही ठरवायचं असलं, कुणाला कामावर घ्यायचं, कुणाचं काम नाकारायचं, की पिळता पिळताच बोलायचं. जिला पटलं नाही तिने आपलं टोक सोडायचं. चादर तिथेच खाली पडते, सगळ्यांचं काम थांबतं, आणि टोक सोडणारीची समजूत पटेपर्यंत किंवा बाकीच्यांची बुद्धी फिरेपर्यंत ओली चादर कुणी उचलत नाही. तसबीरवाल्याच्या वाढदिवसाला त्याच्या कचेरीचे पडदे फुकट धुवायचा हुकूम आला, तेव्हा आमच्यातल्या लांबडीने टोक सोडलं, मग शिवणवालीने, मग आम्ही सगळ्यांनी. पडदे धुतले गेले नाहीत. आम्ही कळवलं की सोडा संपला आहे. शूर असणं वेगळं आणि मूर्ख असणं वेगळं.

लालगाल्याने सगळं लिहून घेतलं. म्हणाला, "फार सुंदर आहे. पण यात गुप्तता नाही. जी टोक सोडते ती सगळ्यांना दिसते."

मी म्हटलं, "दिसायलाच हवी. नाहीतर समजूत कुणाची काढायची?"

इथे तुझ्या आईचं पेन थांबलं आहे. विचारलं, काय झालं. म्हणते, "तो बरोबर बोलला, सासूबाई."

"लिही मग तेही."

"लिहिते. तुमच्यासमोर टोक सोडायची छाती कुणाची आहे? तुम्ही नुसतं बघता आणि सोडलेलं टोक पुन्हा हातात येतं. शेवटचं कधी सुटलं, आठवतं का?"

आठवतं. सांगणार नाही.

तर पुढचं ऐक. लालगाल्याने विचारलं की आजींच्या विरुद्ध कोण उभं राहणार. सगळ्या जमिनीकडे बघायला लागल्या, जणू फरशीवर उत्तर लिहिलं आहे. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात हौदापाशी कुणीतरी म्हणालं, "मी." ती तुझी आई होती. हात सोड्याच्या पाण्यात, मान खाली, आवाज मात्र चांगला मोठा. इतकी वर्षं माझ्या घरात राहिली, तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. लांबडीच्या हातून पत्र्याची बादली पडली, अशी दणकून की दुभाष्याने कानावर हात ठेवले. तुझा बाप पाठमोरा भिंतीच्या विटा रचत होता, त्याने वळूनही पाहिलं नाही.

रात्री जेवताना मी तुझ्या आईला म्हटलं, "हरलीस तर भांडी तू घासायची."

"जिंकले तर?"

"तरी तूच. ती निवडणूक वेगळी."

आता एक माझं. तुझे साहेब आम्हाला आमचं मत विचारायला आले, फार उपकार झाले. पण विमानं घेऊन यायचं की नाही, हे मत त्यांनी कुणाला विचारलं? त्याचा डबा कुठे ठेवला होता? तू रेडिओवर "आम्ही" म्हणालास. त्या "आम्ही"मध्ये मी होते का? तुझा बाप होता का? आमच्या वतीने टोक धरलंस, आम्हाला न सांगता पिळलंस, आणि आता विचारतोस की पाणी का गळतं आहे.

८ डिसेंबर

मतदान झालं. आणि रद्दही झालं. बस आणि ऐक.

लालगाल्याने पत्र्याचा डबा आणला, हिरव्या रंगाचा, वर फट. पडदा लावून एक कोपरा केला. चिठ्ठ्यांवर चित्रं होती, कारण माझ्यासारख्या अर्ध्याअधिक आहेत. माझ्या नावापुढे इस्त्री, तुझ्या आईच्या नावापुढे बादली. बायका रांगेत उभ्या राहिल्या. पहिली लांबडी. ती पडद्यापाशी गेली, थांबली, मागे वळून म्हणाली, "पण आपलं ठरलंय काय?"

दुभाष्या म्हणाला, "काही ठरवायचं नाही. प्रत्येकीने आपापलं टाकायचं."

"ठरल्याशिवाय कसं टाकायचं?" शिवणवाली म्हणाली. "मी इस्त्रीवर टाकली आणि हिने बादलीवर, तर उद्या चादर कोण धरणार?"

हे सगळ्यांना पटलं. रांग मोडली. आम्ही हौदाभोवती गेलो, इस्पितळाचा सकाळचा गठ्ठा ओला पडलाच होता, दोन दोन जणींनी टोकं धरली आणि बोलायला सुरुवात केली. लालगाल्या खुर्चीवर बसून घड्याळ बघत होता. त्याला वाटलं, ही काहीतरी प्रार्थना असावी.

आमच्यात चिमटी म्हणून एक आहे, ठेंगणी, दोरीपर्यंत हात पोचत नाही म्हणून चिमटे पुरवायचं काम करते. कधी तोंड उघडत नाही. ती त्या दिवशी टोक धरून म्हणाली, "डब्यात मी आजींच्या विरुद्धच टाकणार होते. तिथे टाकायचंच आहे तर इथे बोललेलं बरं." आणि माझ्याकडे बघत तिने टोक सोडलं. मी बघितलं तिच्याकडे, जसं बघते तसं. तिने पुन्हा उचललं नाही. मग लांबडीने सोडलं. मग एकेक. थंडीत हौदावरची पाळी कोण कुणाला लावतं, आजारी पडलेलीला कोण सुट्टी नाकारतं, दमेकरी बाईला हौदावरून इस्त्रीवर का हलवलं नाही, सगळं निघालं. सगळं माझ्याच दारात येऊन पडलं. शेवटी चादर धरून मी एकटी उभी होते आणि माझ्या समोरच्या टोकाला तुझी आई. तिने मात्र टोक सोडलं नव्हतं. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेव्हाच सोडेन."

मी काय करणार? चादरी ओल्या पडल्या होत्या, इस्पितळाची गाडी यायची होती. मी माझं टोक सोडलं. म्हटलं, "होऊ दे हिला. बघू किती दिवस टिकते."

मग आम्ही हसत हसत रांगेत जाऊन एकेक चिठ्ठी टाकली. मीही टाकली, बादलीवर.

डबा उघडला. बादली, बादली, बादली. लालगाल्याचे गाल आणखी लाल झाले. दुभाष्यामार्फत म्हणाला, "सगळ्या चिठ्ठ्या एकाच बाजूला आहेत. खऱ्या मतदानात असं होत नाही. तुमच्या जुन्या राज्यातही शंभर टक्के यायचे ना?"

"यायचे," मी म्हटलं. "पण तेव्हा मोजणी आधी आणि मतदान नंतर. आणि तेव्हा स्वतःविरुद्ध कुणी टाकत नव्हतं. मी टाकली आहे."

"तुम्ही स्वतःविरुद्ध टाकली, म्हणजे तुमच्यावर दबाव होता."

"होता ना. ओल्या चादरींचा."

त्याने मतदान रद्द केलं. एकमत म्हणजे भीती, असं त्याच्या पुस्तकात आहे म्हणे. पंधरवड्याने पुन्हा. निकाल त्याला पटेल तेव्हा बॉयलर.

तुझी आई म्हणते, डबा आला नसता तर चिमटी कधीच बोलली नसती, एवढं तरी त्यांच्या पदरात टाका. मी म्हणते, बोलली असती, उशिरा. ती म्हणते, किती उशिरा, तुम्ही मेल्यावर? यावर आमचं जमत नाही. दोन्ही लिही म्हटलं तिला. तुझ्या कचेरीत असा कागद आहे का, ज्यावर दोन्ही लिहिता येतं?

२३ डिसेंबर

दुसरं मतदान पार पडलं आणि ते तुमच्या पुस्तकाप्रमाणे झालं. अभिनंदन.

कसं झालं ते सांगते, म्हणजे तुला तुझ्या धंद्याची माहिती होईल. तुझ्या लालगाल्याला भांडण हवं होतं, तेव्हा आम्ही बसून भांडण वाटून घेतलं. इतक्या जणींनी बादलीवर टाकायची, इतक्या जणींनी इस्त्रीवर. पण मला मत द्यायला कुणी तयार होईना. लांबडी म्हणाली, गेल्या वेळी एवढं बोलून बसले, आता कुठल्या तोंडाने देऊ. दमेकरी बाई नुसती खोकली. मी दारोदार गेले, म्हटलं, बायांनो, मला खोटंखोटं तरी द्या, गरम पाण्यासाठी द्या. चिमटी म्हणाली, "खोटंखोटंसुद्धा नको, आजी, माझा हात इस्त्रीकडे जातच नाही." शिवणवाली तयार झाली, पण तिने आधी तीन रविवार सुट्टी मागितली. मी म्हटलं, मी आता प्रमुख नाही, सुट्टी द्यायची माझ्या हातात नाही. शेवटी तुझ्या आईने हुकूम काढला की कुणी कुणी सासूबाईंना मत द्यायचं. तिचा पहिला हुकूम. माझ्यासाठी मतं तिने गोळा केली.

डबा उघडल्यावर लालगाल्याने सुटकेचा श्वास सोडला. "आता हे खरं वाटतं," तो म्हणाला. माझ्याजवळ येऊन माझा हात हातात घेतला आणि हरणं किती मोठेपणाचं असतं यावर बराच वेळ बोलला. दुभाष्याला सगळं ठाऊक होतं. त्याने गंभीर चेहऱ्याने शब्दन्‌शब्द सांगितला. तेवढ्यापुरता तो आपला वाटला.

खरं मतदान तुम्ही खोटं ठरवलंत आणि खोटं खरं. तुझ्या साहेबांना हे कळव. किंवा नको कळवू. बॉयलर परत नेतील. बघ, तुझ्या राज्यात मलाही खरं बोलायची भीती वाटायला लागली. तसबीरवाल्याने वेगळं काय शिकवलं होतं?

५ जानेवारी

आशीर्वाद.

वर जागा सोडली आहेस ना, असं आत्ताच तुझ्या आईला विचारलं. हो म्हणाली.

बॉयलर बसला. तुझं पत्रही आलं, आणि वर्तमानपत्राचं कात्रण. त्यात आम्ही सगळ्या डब्याभोवती उभ्या आहोत आणि खाली छापलं आहे म्हणे की या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं म्हणणं मांडलं. तू लिहितोस, "बघ आजी, जमलं की नाही. सुरुवातीला ढकलावं लागतं, मग माणसं आपली आपण चालतात." आणि उन्हाळ्यात तुला इथे पाठवणार आहेत, कचेरीची गाडी, दोन शिपाई, आमच्यासारख्या आणखी धुलाईघरांना ढकलायला. घरी उतरू का, असं विचारलं आहेस.

पत्र आलं त्याच रात्री मी याचं उत्तर "नाही" असं सांगितलं होतं. एवढंच लिही, आणि पाकीट बंद कर, म्हटलं.

तुझ्या आईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा गरम पाण्याचा हौद भरला. वाफेत कुणाला कुणी दिसेना, बायका पोरींसारख्या किंचाळत होत्या. मी आणि तुझी आई मोठी चादर पिळायला उभ्या राहिलो. दोन पिळे झाले आणि तिने टोक सोडलं.

चादर पडली. सगळं थांबलं. प्रमुखाने स्वतः सगळ्यांआधी टोक सोडलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी सोडलं ते सगळ्यांच्या मागून, आधी सोडायची मला गरजच पडली नव्हती.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याला खरं कळवायचं. त्याशिवाय मी धरणार नाही."

घरातला हा नियम माझा होता. तुझ्या बापाने हात जोडून मागितलं आणि मी नियम केला, की तुला कळवायचं नाही. तुझी आई इतके महिने माझ्या शेजारी बसून तुला पत्रं लिहिते आहे. मला वाचता येत नाही. एक ओळ जास्तीची तिने कधीही लिहिली असती तर मला काय कळणार होतं? तिने नाही लिहिली. तुझे साहेब असते तर म्हातारीला विचारत बसले नसते, तिच्या भल्यासाठीच लिहून मोकळे झाले असते. हिने सगळ्यांसमोर टोक सोडलं, थंड होत चाललेल्या चादरीकडे बघत उभी राहिली, आणि मी "हो" म्हणेपर्यंत थांबली. मला वेळ लागला. हौद निवला. मग मी हो म्हटलं.

तर ऐक. तुझा बाप तुझ्यावर रुसलेला नाही. त्याला ऐकू येत नाही. विमानं आली तेव्हा तो बॉयलरपाशी होता. भिंत पडली त्यातून वाचला, पण आवाज झाला त्यातून वाचला नाही. दोन्ही कान गेले. डॉक्टरांनी सांगितलं, यायचे नाहीत. रविवारी तू फोनवर बोलतोस ते त्याला काहीच कळत नाही. उत्तर दिलं तर भलतंच देईल आणि तुला समजेल, म्हणून तोंड मिटून बसतो. पण फोन दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. तो कानाला लावतही नाही, तळहातावर धरतो, जसा पूर्वी वाफेचा दाब बघायला नळावर हात ठेवायचा तसा. तुझा आवाज म्हणे हाताला लागतो. तू हसलास की जास्त लागतो.

त्याचं म्हणणं एवढंच की पोराला कळलं तर ते आयुष्यभर वाहील. माझं म्हणणं होतं, वाहू दे. मी गप्प बसले ती तुझ्या दयेपोटी नाही. बाप आपल्याशी बोलत नाही, या दुःखात तू राहावंस असं मला वाटत होतं. हे लिहिताना तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं. बघू दे.

माझा राग गेलेला नाही. तो माझा आहे, डब्यात टाकून मोजायचा नाही. पण घरात तुला घ्यायचं की नाही हे मी ठरवायचे दिवस गेले. प्रमुखाचं असं म्हणणं आहे की यायचं, कचेरीच्या गाडीतून नाही, शिपाई घेऊन नाही, उन्हाळ्यापर्यंत थांबून नाही. एकट्याने यायचं. बापाच्या समोर उजेडात उभं राहायचं आणि हळू बोलायचं, तोंड नीट उघडून; ओठ बघून त्याला थोडं समजायला लागलं आहे. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. ते आम्ही इथून ढकलणार नाही.

तुझ्या बापाला हे पत्र दाखवलेलं नाही. तो आत्ता बॉयलरच्या नळावर हात ठेवून उभा आहे.

वरची जागा तुझ्या आईने भरली की कोरी ठेवली, ते मी कागद उचलून बघणार नाही. मघाशी पेनचा आवाज आला होता, छोटासा, एका शब्दाचा. मी विचारणारही नाही.